कायापालट आणि कथेचा प्राण

ब्रिटनच्या बीबीसीवरील ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा एक हंगाम ३१ मे २०२५ रोजी संपला. शेवटच्या दृश्यात नायकाची काया बदलली आणि त्याच्या जागी एका अभिनेत्रीचा चेहरा दिसला. हा चेहरा नवा नव्हता. बिली पायपर ही अभिनेत्री वीस वर्षांपूर्वी याच मालिकेत नायकाची सहप्रवासी म्हणून गाजली होती. ती आता नेमकी कोण म्हणून अवतरली आहे, हे श्रेयनामावलीतही सांगण्याचे टाळण्यात आले. त्यानंतर पाच महिन्यांनी बीबीसीने जाहीर केले, की डिस्ने प्लस या अमेरिकी प्रसारणसेवेशी असलेली भागीदारी संपली असून रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेला एक विशेष भाग २०२६ च्या नाताळात दाखविला जाईल. २०२३ मध्ये मोठ्या गाजावाजाने सुरू झालेले नवे पर्व अशा रीतीने दोन हंगामांतच प्रश्नचिन्हापाशी येऊन थांबले.

या पर्वाची बेरीज-वजाबाकी मांडताना दोन सोप्या भूमिका घेतल्या जातात. एक म्हणजे, मालिका बिघडली ती ‘आधुनिक विचारां’च्या हव्यासामुळे. दुसरी म्हणजे, मालिकेत काही बिघडलेलेच नाही. टीका करणारे सारे जुन्या काळात रमलेले आहेत. या दोन्ही भूमिका मालिका नीट न पाहता घेतलेल्या आहेत. या पर्वाने काही कथा अशा दिल्या, की ज्या मालिकेच्या साठ वर्षांतील उत्तम कथांच्या पंक्तीत बसाव्यात. त्याच पर्वाने दोन्ही हंगामांचे शेवट असे केले, की आधीच्या कथांनी कमावलेला विश्वास गमावला जावा. असे का घडले, याचे उत्तर शोधताना मालिकेच्या जन्मापाशी जावे लागते.

टंचाईतून आलेली कल्पकता

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रसारित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती; साऱ्या जगाचे लक्ष तिकडे असल्यामुळे पुढच्या आठवड्यात हा भाग पुन्हा दाखवावा लागला. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडाहून आलेले. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट यांचे वय अवघे सत्तावीस. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे तर चोवीस वर्षांचे. जन्म लखनौचा आणि आई अतिया हुसेन या नामवंत लेखिका. प्रस्थापितांच्या त्या संस्थेत या मंडळींना फारसे कोणी गंभीरपणे घेत नव्हते आणि त्यांच्या हाती पैसाही बेताचाच होता.

मालिकेचे सारे वैशिष्ट्य या टंचाईतून आले, हे ध्यानात घेतले पाहिजे. काळातून आणि अवकाशातून हिंडणारे यान दाखवायचे, पण दर आठवड्याला त्याला नवे रूप देण्याइतका पैसा नाही. म्हणून पोलिसांना दूरध्वनी करण्यासाठी ब्रिटनमधील रस्त्यांवर असणारी निळी पेटी हेच यान ठरले. बाहेरून ते एका माणसापुरते आणि आत अफाट मोठे. शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांचे. पण डेलिया डर्बीशायर यांनी ते ध्वनिफितींचे तुकडे कापून आणि जोडून असे घडविले, की ते कोणत्या वाद्याचे हे ऐकणाऱ्याला उमगू नये. १९६६ मध्ये नायकाची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईनाशी झाली, तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी नायक परग्रहावरचा आहे याचा लाभ घेण्यात आला. तो मरत नाही, त्याचे शरीर नवे होते. जीर्ण वस्त्र टाकून नवे धारण करण्याची कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. ब्रिटनमधील एका मुलांच्या मालिकेने तिचा उपयोग नटाच्या आजारपणावरील उपाय म्हणून केला आणि त्यातून स्वतःसाठी जवळजवळ अमरत्व मिळविले.

अमरत्व अर्थात निर्वेध नव्हते. १९८९ मध्ये बीबीसीने मालिका थांबविली. १९९६ मधील एका दूरचित्रपटाचा अपवाद वगळता सोळा वर्षे ती पडद्यावर नव्हती. २००५ मध्ये डेव्हिस यांनी तिला पुन्हा उभे केले, आणि ते कसे केले हे आजच्या संदर्भात फार महत्त्वाचे आहे.

२००५ चा धडा

डेव्हिस स्वतः या मालिकेचे बालपणापासूनचे चाहते. तिच्या सव्वीस वर्षांच्या जुन्या कथांचा सारा साठा त्यांच्या हाताशी होता. पण त्यांनी तो जवळजवळ कुलूपबंद ठेवला. नायकाचा ग्रह एका महायुद्धात नष्ट झाला आहे आणि तो आपल्या वंशातील अखेरचा आहे, एवढ्या एका कल्पनेने त्यांनी भूतकाळाचे ओझे उतरवून ठेवले. नव्या प्रेक्षकाला काहीही ठाऊक असण्याची गरज उरली नाही. दुकानात काम करणारी रोझ नावाची एक सामान्य मुलगी, तिची आई, तिचा मित्र, लंडनमधील तिचे साधे घर. या परिचित जगातून प्रेक्षक अवकाशात नेला गेला. डॅलेक हे मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध शत्रू. त्यांच्यापैकी एक पडद्यावर यायला सहावा भाग उजाडला, आणि तो आला तेव्हा, हे नाव पूर्वी कधीही न ऐकलेल्या मुलालाही भीती वाटावी अशा रीतीने आला. २६ मार्च २००५ रोजी प्रसारित झालेला पहिला भाग ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ८ लाख लोकांनी पाहिला, यात या संयमाचा वाटा मोठा होता.

त्यानंतर स्टीव्हन मॉफट आणि ख्रिस चिबनल यांच्या कारकिर्दी झाल्या. २०१८ मध्ये जोडी व्हिटेकर यांच्या रूपाने पहिल्यांदाच स्त्री नायकपदी आली. २०२३ मध्ये डेव्हिस परतले ते डिस्नेच्या पाठबळासह. जगभर एकाच वेळी प्रसारण, डोळे दिपविणारी दृश्ययोजना आणि नायक म्हणून शूटी गॅटवा. रवांडात जन्मलेला आणि स्कॉटलंडमध्ये वाढलेला हा तरुण म्हणजे मालिकेच्या नियमित नायकपदी आलेला पहिला कृष्णवर्णीय अभिनेता. सारे काही अनुकूल होते.

जमेची बाजू

नव्या पर्वाच्या श्रेयात पहिले नाव गॅटवा यांचेच घ्यावे लागेल. त्यांचा डॉक्टर हसरा, नाचरा, आपल्या वेदना न लपविणारा आहे. आधीचे अनेक नायक दुःख गिळून टाकीत. हा ते बोलून दाखवतो. काही भागांत त्याचे अश्रू फार स्वस्त झाले हे खरे, पण तो दोष लेखणीचा, अभिनयाचा नव्हे.

दुसरे श्रेय काही कथांचे. मॉफट यांनी लिहिलेल्या ‘बूम’मध्ये नायकाचा पाय पहिल्याच मिनिटांत सुरुंगावर पडतो आणि जवळजवळ सारा भाग तो त्याच जागी उभा असतो. हळूहळू उलगडते, की या ग्रहावर युद्ध आहे पण शत्रूच नाही. शस्त्रे विकणाऱ्या कंपनीची यंत्रणा माल खपावा म्हणून सैनिक मरत राहतील एवढीच काळजी घेते आणि जखमींवरचा उपचार परवडेनासा झाला, की रुग्णवाहिकाच त्यांना संपविते. धावपळ आणि पाठलाग यांवर पोसलेल्या मालिकेत नायकाला एकाच जागी खिळवून ठेवणे, हीच या भागाची खरी कल्पना.

‘७३ यार्ड्‌स’मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर नायक अचानक नाहीसा होतो आणि त्याची सहप्रवासी रूबी हिच्या मागे एक वृद्धा लागते. ही बाई कायम तेवढ्याच अंतरावर उभी. जवळ गेले तर दूर सरकणारी. तिच्याशी जो बोलतो तो रूबीला कायमचा सोडून जातो, अगदी तिची आईसुद्धा. असे एक अख्खे आयुष्य या भागात सरते. ‘डॉट अँड बबल’मध्ये डोळ्यांपुढे तरंगणाऱ्या पडद्यात बुडालेल्या श्रीमंत तरुणांची वसाहत आहे. प्रेक्षक तासभर त्यांच्या मूर्खपणाला हसतो आणि शेवटी त्याच्या लक्षात येते, की यांच्यात एकही कृष्णवर्णीय नव्हता. जीव वाचविण्यासाठी हात पुढे करणाऱ्या नायकाला ही मुले त्याच्या वर्णामुळे नाकारतात आणि मरण पत्करतात. प्रेक्षकाला हे आधी का जाणवले नाही, हा प्रश्न त्याच्याच माथी मारून भाग संपतो. नायजेरियात जन्मलेले कवी-नाटककार इनुआ एलम्स यांच्या ‘द स्टोरी अँड द एंजिन’मध्ये लागोसमधील एका केशकर्तनालयात अडकलेली माणसे गोष्टी सांगत राहतात, कारण त्या गोष्टींवरच एक यंत्र चालते.

या कथांत एक साम्य आहे. बहुतेकांचा डोलारा एका जागेवर, दोनचार पात्रांवर आणि एका कल्पनेवर उभा आहे. २०२३ च्या विशेष भागांतील सर्वांत सरस ठरलेल्या ‘वाइल्ड ब्ल्यू याँडर’मध्येही पडद्यावर प्रामुख्याने दोनच नट आहेत: डेव्हिड टेनंट आणि कॅथरिन टेट. पैसा मुबलक होता, पण मालिकेचे उत्तम क्षण आले ते जणू काही तो नसल्यासारखे लिहिले तेव्हा.

टीकेतील भ्रम

‘आधुनिक विचारां’च्या आक्षेपाचा परामर्श येथेच घेणे योग्य होईल. मालिका पूर्वी निव्वळ करमणूक करीत असे आणि आता ती उपदेश करू लागली, असे म्हणणाऱ्यांना तिचा इतिहास ठाऊक नाही किंवा ते तो विसरले आहेत. वंशशुद्धीसाठी इतर साऱ्यांचा संहार करू पाहणारे डॅलेक हे नाझींचे रूपक होते, आणि ते युद्ध संपून दोन दशकेही झालेली नसताना मुलांपुढे मांडले गेले होते. १९७३ मधील ‘द ग्रीन डेथ’ या कथेचा विषय उद्योगांनी केलेले प्रदूषण हा होता. २०१८ मध्ये विनय पटेल यांनी लिहिलेल्या ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ने फाळणीच्या रक्तपातात एका हिंदू-मुस्लिम विवाहाची गोष्ट सांगितली. ज्या मालिकेचा पहिला भाग लखनौत जन्मलेल्या तरुणाने दिग्दर्शित केला, तिच्यात केरळात जन्मलेल्या वरदा सेतू २०२५ मध्ये नायकाच्या बरोबरीने वावरल्या, तर त्यात परंपरेचा भंग कसला? ती परंपरेची सावकाश झालेली पूर्ती आहे.

फरक विचारांचा नाही, मांडणीचा आहे. ‘डॉट अँड बबल’मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध भाषण नाही, म्हणून तो भाग मनात घर करतो. इतर काही भागांत पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी प्रेक्षकांना उद्देशून बोलतात, आणि तेथे सद्‌विचारही रुक्ष वाटू लागतो.

खर्चाची बाजू

या पर्वाचा खरा दोष वेगळाच आहे. २००५ मध्ये ज्या पेटाऱ्याला कुलूप घातले होते, तोच २०२३ नंतर उघडून प्रेक्षकांपुढे उपडा करण्यात आला. १९६६ मधील टॉयमेकर परतला. १९७५ मधील सुतेख पहिल्या हंगामाचा खलनायक झाला. १९८५ मधील रानी आणि १९७३ मधील ओमेगा दुसऱ्या हंगामाच्या शेवटी आले. या पर्वात हंगामांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू करण्यात आली होती, आणि याचा उघड हेतू नव्या प्रेक्षकाचे स्वागत हा होता. पण त्या प्रेक्षकाला दोन्ही हंगामांच्या शेवटी सांगण्यात आले, की पन्नास वर्षांपूर्वीचे नाव ऐकून तू दचकले पाहिजेस. ज्याला नाव ठाऊक नाही तो दचकत नाही आणि ज्याला ठाऊक आहे त्याला पुढे काही मिळत नाही. ओमेगासारखे पात्र काही मिनिटांत येते आणि संपते. नायकाची नात सुझन, म्हणजे १९६३ च्या पहिल्या भागातील मुलगी, त्याच अभिनेत्रीच्या रूपात साठ वर्षांनी क्षणभर दिसते. वृद्ध कॅरोल अ‍ॅन फोर्ड यांचा चेहरा पाहून जुन्यांचे डोळे ओलावले असतील. परंतु त्या दर्शनाचे हंगामात पुढे काहीच झाले नाही.

कोड्यांचेही तसेच. रूबीची आई कोण, हा पहिल्या हंगामातील कळीचा प्रश्न. तिच्याभोवती पडणारे बर्फ, बदलणाऱ्या आठवणी, देवतुल्य शत्रूलाही न उलगडणारे तिचे जन्मरहस्य: एवढा घाट घालून उत्तर मिळाले ते असे, की आई एक सामान्य मुलगी होती, सर्वांनी तिला महत्त्व दिले म्हणून ती महत्त्वाची झाली. कल्पना म्हणून हे उत्तर सुंदर आहे. प्रत्येक सोडून दिलेल्या मुलाच्या मागे राजघराणे नसते, हे सांगणारा लेखक मनाने मोठा असतो. पण दिलेल्या खुणांशी ते उत्तर जुळत नाही. वाचकाशी किंवा प्रेक्षकाशी कोडे घालताना केलेला करार मोडला, की उत्तर कितीही उदात्त असले तरी फसविले गेल्याची भावना उरते.

सर्वांत दुःखद उदाहरण बेलिंडा चंद्रा या पात्राचे. ही परिचारिका आपल्या पहिल्याच भागात एका वर्चस्व गाजविणाऱ्या जुन्या मित्राला तोंड देते आणि विनापरवानगी आपली तपासणी करणाऱ्या नायकालाही ठणकावते. तिला साहस नको, घरी जायचे आहे. उद्या कामावर हजर व्हायचे आहे. नायकाच्या मोहिनीला न भुलणारी अशी स्त्री मालिकेत क्वचितच आली होती. तिचा शेवट काय झाला? अंतिम लढाईच्या वेळी तिला एका लहान मुलीसह सुरक्षित कक्षात बसवून ठेवण्यात आले. लढाई संपल्यावर वास्तव असे बदलले, की ती पहिल्यापासूनच त्या मुलीची आई होती आणि घरी जाण्याची तिची ओढ त्या मुलीसाठीच होती. मातृत्वात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे, की या स्त्रीने स्वतः ते निवडताना प्रेक्षकाने पाहिले नाही. त्या अंतिम कथेतील खलपात्र लोकांची आयुष्ये त्यांना न विचारता आपल्या मनासारखी लिहून काढते. लेखकानेही बेलिंडाच्या बाबतीत तेच केले आणि त्याला सुखान्त म्हटले.

भागीदारीचा फास

या दोषांची जबाबदारी डेव्हिस यांच्यावर आहेच. तथापि ज्या चौकटीत ते लिहीत होते तीही पाहिली पाहिजे. २००५ मध्ये एका हंगामात तेरा भाग असत. या पर्वात आठ. त्यांपैकी २०२४ मधील दोन भागांत नायक फारच थोडा वेळ दिसतो, २०२५ मधील एका भागात तसेच. गॅटवा यांच्या वाट्याला दोन हंगाम आणि नाताळचे दोन विशेष भाग एवढेच आले. नायक आणि सहप्रवासी यांचे नाते रुजण्यासाठी जे साधे, निवांत भाग लागतात त्यांना या आठांत जागाच उरली नाही. मैत्री झाल्याचे प्रेक्षकाला सांगण्यात आले. होताना पाहायला मिळाली नाही.

प्रसारणाची वेळही बदलली. शनिवारी संध्याकाळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहायची आणि लहान मुलांनी सोफ्यामागे लपायचे, ही या मालिकेची ब्रिटनमधील ओळख. २०२४ मध्ये जगभर एकाच वेळी दाखविण्याच्या सोयीसाठी भाग ब्रिटनमध्ये मध्यरात्री संगणकावर उपलब्ध होऊ लागले. पुढच्या वर्षी सकाळी आठला. संध्याकाळचे प्रसारण चालू राहिले, पण ते शिळे झाले. गॅटवा यांच्या दोन हंगामांतील भागांना २००५ च्या पहिल्या भागाच्या निम्माही प्रेक्षक लाभला नाही. दूरचित्रवाणीचा एकूणच प्रेक्षक या वीस वर्षांत पांगला आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. साऱ्या घसरणीचे खापर एका मालिकेवर फोडता येणार नाही. परंतु एकत्र पाहण्याची सवय टिकविण्यात ज्या थोड्या कार्यक्रमांना यश येऊ शकले असते त्यांतील हा एक होता, आणि ती सवय मोडण्याचा निर्णय हेतुतः घेण्यात आला.

परवाना शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक संस्थेला खर्चाचा भार पेलवत नाही म्हणून तिने बाहेरचे भांडवल घेतले, यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते हे, की भांडवल परत गेले तर काय, याची तजवीज कोणी केल्याचे दिसले नाही. व्यापारी कंपनी नफ्याचा हिशेब पाहून आली आणि नफ्याचा हिशेब पाहून गेली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. ठेव जिची होती तिने ती जपायला हवी होती.

पुढे काय?

या मालिकेला मरण नाही, असे तिचे चाहते म्हणतात. १९८९ नंतरच्या सोळा वर्षांनी ते एका अर्थी खरे ठरविले. पण त्या वर्षांचा खरा धडा निराळा आहे. मालिका परतली ती आठवणींच्या जोरावर नव्हे, तर ज्यांना काहीच आठवत नव्हते त्यांच्यासाठी ती नव्याने लिहिली गेली म्हणून. आज शेवटच्या दृश्यात २००५ चीच अभिनेत्री उभी करण्यात आली आहे. हा गतवैभवाला दिलेला आवाज असेल, तर तो चुकीच्या दिशेने दिलेला आहे.

डिस्नेचा पैसा गेला याचे भय बीबीसीने बाळगू नये. निळी पेटी, ध्वनिफितींचे तुकडे आणि एका आजारी नटाच्या जागी आलेला दुसरा नट एवढ्यावर जिने साठ वर्षे काढली, तिला गरिबी नवी नाही. सुरुंगावर पाय ठेवून उभा असलेला नायक आणि ठरावीक अंतरावर उभी असलेली वृद्धा यांनी या पर्वातही दाखवून दिले, की कल्पना सकस असेल तर मोठा खर्च लागत नाही. पुढचा अंक जो कोणी लिहील, त्याने पेटाऱ्याला पुन्हा कुलूप घालावे, चांगले तेरा भाग मागून घ्यावेत आणि पुन्हा एखाद्या सामान्य मुलीच्या दारापाशी ती निळी पेटी उभी करावी. काया कितीही वेळा बदलली तरी चालेल. दार उघडल्यावर आत बाहेरच्यापेक्षा मोठे काही तरी सापडले पाहिजे, एवढीच या मालिकेची पहिल्या दिवसापासूनची अट आहे.